पोटावरचा चिकटा

सत्यशीला पहिल्या दिवशी कामावर आली तेव्हा तात्यांनी तिला नाव विचारलं नाही, गाव विचारलं.

"पाथर्डीकडची," ती म्हणाली.

"म्हंजे कोयत्याची," तात्या म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

तात्या म्हणजे सूर्यभान. वय बहात्तर. कोपरगावात त्यांच्या मुलाचं, हनुमंतचं, खतं-बियाण्यांचं दुकान होतं आणि दुकानाला लागूनच मागे घर. तात्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली, चिटबॉय म्हणून. कोणत्या टोळीनं कुणाच्या फडात तोड घ्यायची, कुणाच्या गाडीला ऊस न्यायची चिठ्ठी आधी द्यायची आणि कुणाला उन्हात ताटकळत ठेवायचं, हे सगळं चिटबॉयच्या हातात. ऊसतोडीला आलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. बत्तीस हंगाम तात्या माणसं अशीच मोजत आले होते.

फेब्रुवारीत नाशिकला त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवून दिली. शौच त्या पिशवीत. पाच-सहा महिन्यांनी सगळं परत आत घेऊ, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. पिशवीच्या मागे रबरासारखी चकती असते आणि चकतीला डिंक. दर तीन-चार दिवसांनी पिशवी काढायची, जागा साफ करायची, नवी लावायची. हे करायला ठेवलेल्या दोन बायका आठवड्याच्या आत निघून गेल्या. एकीला तात्यांनी तांब्या फेकून मारला. दुसरी काही न सांगताच यायची बंद झाली.

सत्यशीला पंचेचाळिशीची, अंगानं काटक आणि बोलायला तुटक. नवरा अजिनाथ गावी दोन शेळ्या आणि दुखरी कंबर घेऊन बसलेला. लेकीचं लग्न झालेलं. ऊसतोड सोडून तिला सहा वर्षं झाली होती. कोपरगावात ती एकटी एका खोलीत राहायची आणि आजारी माणसांचं करायची.

दुसऱ्या दिवशी तिनं तात्यांचा सदरा वर केला आणि थोडा वेळ नुसती बघत राहिली. आतड्याचं तोंड लाल बोंडासारखं वर आलेलं. त्याला काही झालं नव्हतं. पण भोवती आधीच्या पिशव्यांचा डिंक थरावर थर तसाच राहिला होता. त्यात पावडर, धूळ आणि सदऱ्याचे धागे बसून काळं कडं तयार झालं होतं. त्या कड्यावर नवी पिशवी नीट बसत नव्हती. बाजूनं गळायची आणि गळलेलं कातडीवर राहून कातडी सोलली होती.

"हे कोनी काढलंच न्हाई का?"

हनुमंतची बायको धनश्री दारात पदर नाकाला लावून उभी होती. "दवाखान्यातून फवारा दिला होता, तो संपला. इथल्या दुकानात मिळत नाही. मी सॅनिटायझरनं पुसते, पण ते ओरडतात."

"सोलल्या कातड्याला सॅनिटायझर लावल्यावर कोनबी वरडंल, ताई. खोबरेल तेल हाय का घरात?"

तात्यांनी मान वळवली. "तेल लावून तळनार हायेस का मला?"

तिनं कापूस तेलात भिजवला आणि कड्यावर ठेवून दिला. दहा मिनिटं नुसती बसून राहिली. मग बोटाच्या पेरानं डिंक कडेकडेनं हळूहळू वळायला लागली. त्याच्या काळ्या वळ्या होऊन निघायला लागल्या. लाल बोंडाजवळ तिनं तेल जाऊ दिलं नाही. सगळं निघायला पाऊण तास लागला. मग कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून तिनं नवी पिशवी लावली.

ती पिशवी दोन तास टिकली.

संध्याकाळी कारखान्यातले जुने सोबती रामहरी तात्यांना भेटायला आले होते. तात्या लोडाला टेकून, पुणतांब्याच्या एका बागाईतदाराला आपण पहिली चिठ्ठी मिळवून कशी दिली ते सांगत होते. बोलता बोलता चकती एका बाजूनं सुटली. आधी वास आला, मग धोतर भिजलं. रामहरींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि "येतो परत" म्हणून उठले. ते परत कधीच आले नाहीत.

सत्यशीला साफ करायला वाकली तेव्हा तात्यांनी उशाची काठी उचलून तिच्या मनगटावर मारली. जोरात मारली.

"मुद्दाम केलंस. चारचौघांत माझी लाज काढलीस."

तिनं मनगट चोळलं. मग काठी त्यांच्या हातातून घेतली, ओट्यावर नेऊन उभी केली आणि परत आली.

"काठी तिथंच ऱ्हाईल," ती म्हणाली. "पिशवी फुटल्यावर हाक मलाच मारायची हाय तुमाला."

चूक तिचीच होती, हे तिला पिशवी बघताच कळलं होतं. डिंक तेलानं निघतो, पण तेलाचा पापुद्रा कातडीवर राहिला की नवा डिंक धरत नाही. पुढच्या वेळी तिनं लहान बाळाचा साबण आणायला लावला. तेलानं चिकटा काढला, साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतलं, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपलं आणि पंखा लावून जागा खडखडीत वाळू दिली. कातडीवर बोट फिरवलं की ते सरकता कामा नये, अडकलं पाहिजे. मग पिशवी लावून वरून तळहात दाबून धरला. ती पिशवी चार दिवस हलली नाही.

तात्यांची वागणूक मात्र यानं सुधारली नाही, उलट बिघडली. आता गळत नव्हतं, त्यामुळे बोलायला त्यांना दिवसभर मोकळा वेळ होता. ती पोटावर वाकली की ते छताकडे बघत कारखान्याच्या गोष्टी सुरू करायचे. अमक्या मुकादमाला कसा सरळ केला. तमकी टोळी चिठ्ठी मागायला आली तर दिवसभर बांधावर कशी बसवून ठेवली. "कोयता म्हंजे असाच ठेवावा लागतो. ढिला सोडला का डोक्यावर बसतो." हे सगळं ते तिच्या कानाला लागेल अशा बेतानं सांगायचे. हाक मारायची असली तर "ए कोयता" म्हणायचे. तेलाची बाटली किती खाली गेली हे रोज बघायचे आणि हनुमंत दुकानातून आला की सांगायचे, "डोक्याला लावती ती. घरी नेत आसंल."

तीही ऐकून घेणारी नव्हती. "तुमच्या पोटावरलं तेल डोक्याला लावायची येळ आली तर टक्कल करून घीन," असं एकदा ती म्हणाली होती. धनश्री स्वयंपाकघरात तोंड दाबून हसली, पण बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

चिकटा कसा काढायचा हे सत्यशीलाला कुठल्या दवाखान्यात शिकवलं नव्हतं. सत्तावीस वर्षांची असताना पोटात दुखतं म्हणून ती डॉक्टरकडे गेली आणि गर्भपिशवी काढून घेऊन आली. टोळीतल्या पुष्कळ बायकांनी काढून घेतली होती. पाळीच्या दिवसांत खाडा होत नाही, म्हणून मुकादमही नको म्हणत नव्हता. महिन्याच्या आत ती पुन्हा फडात उभी राहिली. टाक्यांवरची पट्टी निघाली होती, पण पट्टीचा चिकटा पोटावर तसाच होता. त्यात उसाच्या पाल्याची बारीक काटेरी कूस जाऊन बसली. पोट दिवसभर खाजायचं, ओरबाडून ओरबाडून लाल व्हायचं. टोळीतल्या चांगुणानं एकदा ते पाहिलं. तिनं सत्यशीलाला पाचटाच्या कोपीमागे, झोपडीच्या आडोशाला नेलं, आपल्या वेणीच्या तेलाची बाटली आणली आणि पोटाला तेल लावून म्हणाली, "वढू नको. बस गप. त्याचं त्याला सुटू दे." चांगुणा नंतर ट्रॅक्टरवरून पडून वारली. सत्यशीलानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं तिला त्यात काही वाटायचंही नाही.

मे महिन्यात एका दुपारी ती कापूस तेलात भिजवत होती. तात्यांना ऊन सोसत नव्हतं, ते सकाळपासून करवादले होते.

"तुमच्या बायांची एक गंमत हाय बघ," ते छताकडे बघत म्हणाले. "मी इतक्या टोळ्या पाह्यल्या. खाडा पडू नये म्हनून बाया पिशव्या काढून यायच्या. जनावरं बरी. आन् देवानं मला काय केलं, तर पिशवी लावली. तुपली काढली व्हय गं तू?"

सत्यशीलानं कापूस वाटीत ठेवला. तेल लावलंच नाही. चकतीची कड नखानं उचलली आणि पिशवी एका झटक्यात कोरडीच ओढली.

तात्यांनी पलंगाची पट्टी घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी आलं. पोटावर चकतीएवढी जागा लाल झाली आणि दोन ठिकाणी बारीक रक्त फुटलं.

तिला त्या क्षणी बरं वाटलं. हे तिनं पुढे स्वतःशी कधी नाकारलं नाही. मग तिनं पाणी गरम केलं, जागा धुतली, वाळवली, नवी पिशवी लावली. चकती पहिल्यांदा वाकडी बसली. तात्यांनी हनुमंतला यातलं काही सांगितलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

पुढच्या आठवड्यात अजिनाथची कंबर धरली, म्हणून ती तीन दिवस गावी गेली. जाताना धनश्रीला तिनं सगळं दाखवून ठेवलं. तेल, दहा मिनिटं, साबण, पंखा. धनश्री मोबाईलकडे बघत "हो, हो" म्हणत होती.

ती परत आली तेव्हा तिची त्या घरात ठेवलेली कापडी पिशवी, चादर आणि जुन्या चपला ओट्यावर काढून ठेवलेल्या होत्या. हनुमंत दुकान सोडून दारात उभा होता.

"मावशी, आत येऊ नका. वडलांचं पोट भाजलंय. फोड आलेत. काल दवाखान्यात न्यावं लागलं. तुमचं ते तेल खवट होतं."

"बघू द्या मला."

"काय बघायचंय आता?"

ती त्याच्या बाजूनं आत शिरली. तात्या उघड्या पोटानं पडले होते. चकतीच्या जागेवर कातडी पांढुरकी होऊन फुगली होती, मध्ये पाणी धरलेले फोड होते. पिशवी चिकटतच नव्हती, वर नुसतं फडकं टाकलेलं. पलंगाखालच्या बादलीत कापसाचे बोळे पडले होते. तिनं वाकून एक उचलला आणि नाकाशी नेला. वास उग्र होता, केळ्याच्या वासाच्या गोळीसारखा. लेकीच्या लग्नात तिनं तो वास घेतला होता.

"हे नखाचा रंग काढायचं हाय," ती धनश्रीकडे वळून म्हणाली. "हे लावलं तुमी."

"मी काही लावलं नाही. तुम्हीच जायच्या आधी काहीतरी केलंत. तेव्हापासूनच लाल होतं ते."

"मी गेले त्याला तीन दिवस झाले. फोड कालचे हायेत."

"व्हिडिओत दाखवतात ते काय खोटं असतं?" धनश्री बोलून गेली.

हनुमंतनं बायकोकडे पाहिलं. मग बापाकडे. "तात्या, तुम्ही सांगा. कुणी केलं?"

तात्यांनी डोळे उघडले. धनश्री त्यांच्या उशाशी उभी होती. रोजची भाकरी तिच्या हातची, औषधं तिच्या हातची, आणि हा पलंग तिच्या घरात. त्यांनी सत्यशीलाकडे बोट केलं.

"हिनंच. हिनं एकदा कोरडी वढली व्हती पिशवी. रगत काढलं."

सत्यशीलाला वाटलं होतं की ते खोटं बोलतील. ते अर्धं खरं बोलले होते, आणि अर्ध्या खऱ्याला उत्तर देणं तिला जड गेलं.

"वढली," ती म्हणाली. "ती माझी चूक. मुद्दाम वढली मी, आन् का वढली ते ह्यांना इचारा. पर ह्ये फोड माझे न्हाईत."

"मुद्दाम?" हनुमंतचा आवाज चढला. "आजारी माणसाला मुद्दाम? आणि वर तोंड करून सांगताय? निघा इथून."

ती निघाली. ओट्यावर चपला घालताना आतून तात्यांचा आवाज आला. "कोयता त्यो कोयताच."

आठ-दहा दिवस गेले. सत्यशीलाला दुसरं काम मिळालं, एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं. एका सकाळी ती खोलीच्या दारात भांडी घासत होती तेव्हा हनुमंतची मोटारसायकल समोर येऊन थांबली. तो उतरला, पण पुढे आला नाही.

"दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं," तो म्हणाला. "नेलपॉलिश काढायच्या औषधानं भाजलंय म्हणाली. धनश्रीनं कबूल केलं नंतर."

ती भांडी घासत राहिली.

"फोड सुकलेत आता. पण चिकटा परत साचायला लागला. पिशवी दिवसातून दोनदा गळते. धनश्री हात लावायला घाबरते. तात्या तिला लावूही देत नाहीत. तुम्ही या परत."

"तात्या म्हनले का मला बोलवा?"

त्यानं मोटारसायकलच्या आरशावरची धूळ बोटानं पुसली.

"तर मग असं करा. तात्यांनी माझ्यासमूर, ताईंच्या समूर म्हनायचं, की फोड हिनं केले न्हाईत. आन् मला सत्यशीला नाव हाय. त्या नावानं हाक मारायची. एवढं झालं तर आज येते."

"मावशी, ते नाही म्हणणार. तुम्हाला माहितीये ते कसे आहेत."

"मग मीबी न्हाई येनार."

"आजारी माणूस आहे तो."

"आजारी हायेत म्हनूनच काठी खाल्ली त्यांची. वडील तुमचे हायेत का माझे? तुमी एकदा तरी हात लावला का त्या पोटाला?"

हनुमंतनं खाली पाहिलं. त्यानं हात लावला नव्हता. दुकानातून यायचा, दारातून विचारायचा आणि जायचा. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण तिच्यावर काढता येत नव्हता म्हणून तो मोटारसायकलच्या चावीशी खेळत राहिला.

सत्यशीला हात धुऊन आत गेली. परत आली ती चिकटपट्टी, कापूस, तेलाची बाटली आणि साबण घेऊन. जखमेवर लावायची रुंद पट्टी होती ती.

"हात करा पुढं."

"कशाला?"

"करा तर खरं."

त्यानं मनगट पुढे केलं. तिनं पट्टीचे दोन तुकडे कोपराखाली आडवे लावले आणि चोळून घट्ट बसवले. मग म्हणाली, "एक तुमी वढा."

त्यानं कड धरून ओढली. केस मुळापासून निघाले. तो कळवळला आणि हात झटकला. कातडीवर पट्टीचा चिकटा रेघेसारखा राहिला होता.

"असं त्यांना दर येळेला होतं, फुटलेल्या कातडीवर. आता दुसरी ऱ्हाऊ द्या तशीच." तिनं तेलाचा बोळा दुसऱ्या पट्टीवर ठेवला, कडेनं तेल आत जाऊ दिलं आणि परत भांडी घासायला बसली. तो हात पुढे धरून तसाच उभा राहिला. गल्लीतून जाणारी माणसं बघत होती. दहा मिनिटांनी तिनं पट्टीची कड नखानं उचलली. पट्टी सुटून आली. राहिलेला चिकटा तिनं त्याला त्याच्याच बोटानं वळायला लावला. मग साबण लावून धुवायला लावलं.

"आता बोट फिरवा. सरकतंय?"

"सरकतंय."

"मग तेल हाय अजून. परत धुवा."

त्यानं परत धुतलं. तिसऱ्यांदा धुतल्यावर बोट अडकलं.

"एवढंच हाय. नखाचं औषध न्हाई, पेट्रोल न्हाई, सॅनिटायझर न्हाई. त्या लाल बोंडाला तेल लावायचं न्हाई. कातडी फुटलेली दिसली तर आधी सिस्टरला फोन करायचा, मग काय ते. आन् ते शिव्या देतील. शिव्या ऐकत हात हलका ठेवायचा. हात जड होतो, मपलाबी झाला हुता."

"तुम्ही एकदा समोर उभ्या राहिलात तर बरं होईल."

"न्हाई."

हनुमंतनं तेलाच्या डागानं काळपट झालेली बाही खाली ओढली. धन्यवाद म्हणावेत की नाही हे त्याला ठरवता आलं नाही. त्यानं मोटारसायकलला किक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. सत्यशीला त्या म्हातारीला कुशीवर वळवत होती. तिनं फोन खांद्यावर धरला.

"निघाला सगळा," तो म्हणाला. "तास लागला. नवी लावली."

मागून तात्यांचा आवाज येत होता. ते मुलाला शिव्या घालत होते. हात गार आहे, अक्कल नाही, दुकानात माशा मारायच्याच लायकीचा आहेस, असं काहीबाही.

"वाळवली का नीट?" तिनं विचारलं.

"पंखा लावला होता."

"बरं."

"मावशी, ते मला विचारत होते, की हे तुला कुणी शिकवलं."

"मग काय सांगितलं?"

"तुमचं नाव सांगितलं."

"आन्?"

"काही बोलले नाहीत. तोंड फिरवलं."

तिनं फोन बंद केला आणि म्हातारीच्या पाठीखालची चादर ओढून सरळ केली.